कठड्यावरच्या बोक्याची पुराणकथा कशी रचायची

उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गच्चीवर बहिणीची दोन आणि शेजारची तीन पोट्टी झोपायला येतात. गोष्ट हवी ती मांजराचीच, कारण कठड्यावरून रोज रात्री एक कानफाटका बोका जातो. त्याच्यावर गोष्टी रचता रचता मला जे जमलं, ते सांगते.

पहिल्या वर्षी मी देवांची जत्रा भरवली. इजिप्तची मांजरदेवी बास्टेट, नॉर्स देवी फ्रेयाचा मांजरं जुंपलेला रथ, षष्ठीदेवीचं वाहन असलेलं मांजर, सगळं एकाच रात्री. तिघं घोरायला लागली, चौथा म्हणाला, "मावशी, पण झालं काय?" म्हणून कथा एकच घ्या, आणि तिच्यातला नुसता पेच उचला.

पेच निवडताना गावही बघा. इजिप्तच्या कथेत सूर्यदेव रा मांजराचं रूप घेऊन अपेप सर्पाला कापतो. मी ते नाग नदीवर आणलं, तर भाचा उठून बसला. "नागपुरात नाग काऊन मारायचा? आपण पंचमीला पूजतो ना!" बरोबर होतं त्याचं. मग बोका आणि नाग रात्रभर नुसते एकमेकांकडे बघत बसले. गोष्ट पडली.

सगळ्यात टिकला तो महाभारतातला पेच. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात: वडाखाली लोमश बोका जाळ्यात सापडतो. पालित उंदीर खुशीत बाहेर येतो, तर खाली हरित मुंगूस आणि फांदीवर चंद्रक घुबड टपलेलं. वाचायला जागा एकच, बोक्याची कूस. बदल्यात दोऱ्या कुरतडायच्या.

इथं थांबा, पाणी प्या. पोरांना विचारा: उंदराने दोऱ्या कधी तोडाव्या? लगेच तोडल्या तर बोका मोकळा, आणि समोर उंदीर. उशीर केला तर शिकारी येणार. पालित शेवटची दोरी राखून ठेवतो, पहाटे शिकारी दिसल्यावरच तोडतो. तेव्हा बोक्याला स्वतःचा जीव घेऊन पळायचं असतं, उंदीर खायला फुरसत कुठली! हा भाग मी पाऊण तास ताणते. बाकी गोष्ट दहा मिनिटांची आहे.

आता ती आपल्या गल्लीत आणा. जाळ्याच्या जागी मी संक्रांतीपासून पिंपळाला लोंबणारा मांजा घेतला. शिकाऱ्याच्या जागी गल्लीतली कुत्री. घुबड जुन्या वाड्यात असतंच, ते तसंच ठेवलं. नावंही पालित-लोमशच ठेवली. पोरांना ती मंत्रासारखी वाटतात.

मांजर मात्र मांजरच राहू द्या. धाकटीने राजाकडून बोक्याला संत्रा बर्फी बक्षीस दिली होती. मांजराला गोड चव कळतच नाही, हे सांगितल्यावर तिला फार वाईट वाटलं. शेवटी नागपुरातल्या 'शुक्रवारी' नावाच्या तलावातल्या मासोळीवर तडजोड झाली. जादू द्यायची तर एकच, आणि तीही त्याच्या अंगातूनच निघालेली. मांजर मिशांनी फट मोजतं. आमचा लोमश मिशांनी खोटं मोजतो: समोरचा थाप मारायला लागला की मिश्या पुढे वळतात. पालित "तोडतोच आहे" म्हणतो, तेव्हा त्या किंचित हलतात. पोरं त्या क्षणाला माझ्या तोंडाकडे बघत असतात, म्हणून मीही वरचा ओठ हलवते.

शेवटी लोमश बिळाशी येऊन म्हणतो, आता आपण मित्र. पालित बिळातूनच नाही म्हणतो. गरज संपली, आता तू बोका आणि मी उंदीर. धाकटी दरवेळी माझा हात ओढते, "दोस्त कर ना त्यांना." मी करत नाही. मोठा भाचा तिला समजावतो, मग दोघांचं भांडण लागतं, आणि तेवढ्यात बोका कठड्यावर आला की सगळे चूप.