चॅट्सवर्थच्या पार्कातली गोल फेरी कशी करावी

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातलं चॅट्सवर्थ हे डेव्हनशायरच्या ड्यूकांचं, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचं ठाणं. हवेली आणि बाग बघायला तिकीट लागतं, पण डर्वेंट नदीच्या पश्चिमेचं पार्क पायी फिरायला मोकळं आहे. ही फेरी कॅल्टन लीजच्या वाहनतळावरून निघून तिथेच परत येते. अंतर सहा-सात किलोमीटर, चढ शंभर-सव्वाशे मीटर. थांबत, बघत गेलात तर तीन तास धरा.

दिशा मात्र पक्की ठेवा: आधी चढ, मग एडन्सर गाव, शेवटी नदीकाठ. उलट फिरलात तर या वाटेवरचा सगळ्यात मोठा देखावा तुमच्या पाठीमागे राहतो.

तयारी

ऑर्डनन्स सर्व्हे (ओएस) या ब्रिटिश नकाशा-संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल २४ हा नकाशा घ्या. त्यावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि कुंपणाच्या भिंतीसुद्धा दिसतात. दरीत मोबाइलला रेंज दगा देते, म्हणून फोनमधला नकाशा घरूनच उतरवून ठेवा. बूट खोल खाचांच्या तळव्याचे हवेत. इथली चिकणमाती सपाट तळव्याला धरू देत नाही, आणि लोक घसरतात ते चढताना नव्हे, उतरताना. जीन्स नको, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. हरणं आणि मेंढ्या चरतात तिथे गोचीड असतेच, तेव्हा पँट मोज्यात खोचा आणि परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत तपासा. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून बाराच्या आत निघा.

चढ

वाहनतळातून गार्डन सेंटरच्या बाजूचा छोटा रस्ता धरा. कॅल्टन लीजच्या चार घरांपाशी रस्ता डावीकडे वळतो, तिथे तुम्ही वळू नका. सरळ वर जाणारा, पुढे बंद होणारा रस्ता आपला. इथे डावीकडे गेलेली मंडळी रोझली गावाच्या वाटेला लागतात. सरळ वाट हळूहळू चढत कॅल्टन हाउसेस या घरांपर्यंत नेते. घरांमधून जाताना आवाज कमी ठेवा, तिथे माणसं राहतात.

फाटक जसं सापडलं तसंच ठेवा: उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावून. शेतकऱ्याने कळप मुद्दाम वेगळे केलेले असतात. वासरं असलेल्या गाई वाटेत उभ्या असतील तर मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. कुत्रा असेल तर तो साखळीलाच हवा. गाई अंगावर आल्याच तर मात्र साखळी सोडा. त्या कुत्र्यामागे जातात.

वरच्या कुरणात डावीकडे लांबवर लाकडी रशियन कॉटेज दिसतं. चॅट्सवर्थ-एडन्सरची पाटी बघून उजवीकडे, न्यू पीस वूड या झाडीकडे वळा.

झाडीतून बाहेर

झाडी संपते तिथल्या फाटकाशी थांबाच. नदी, पलीकडे हवेली, तिच्यामागे स्टँड वूडचं रान आणि रानाच्या माथ्यावर सोळाव्या शतकातला हंटिंग टॉवर, सगळं एकदम पुढ्यात येतं. हे निसर्गाने आपोआप मांडलेलं नाही. १७६० च्या दशकात लॅन्सलॉट ब्राउन या उद्यान-रचनाकाराने चौथ्या ड्यूकसाठी जुन्या आखीव बागा मोडून हिरवळ थेट हवेलीपर्यंत नेली, उतारांवर झाडांचे पुंजके लावले. पुंजके कुठे नजर अडवतात आणि कुठे मोकळी सोडतात, ते उतरताना बघत चला.

इथून खाली गवतावर वाट पुसट होते. एडन्सरच्या चर्चचा उंच मनोरा समोर धरा. धुक्यात तो दिसत नाही. मग होकायंत्राने ईशान्य साधा. ऊन तिरपं असेल तर आसपासच्या उतारांवर समांतर वरंबे दिसतील, घडीच्या पापडासारखे एकामागे एक. मध्ययुगात इथे शेती होती. नांगर दरवेळी माती पट्ट्याच्या मध्याकडे पाडत गेला, त्यातून वरंबे उठले, आणि पुढे पार्क झाल्याने पुन्हा नांगर लागला नाही म्हणून टिकले.

एडन्सर

नावाचा उच्चार ‘एन्झर’. हवेलीतून दिसणारं जुनं गाव सहाव्या ड्यूकने एकोणिसाव्या शतकात हलवलं. एक घर तेवढं रस्त्यापलीकडे एकटं राहिलंय. या कामात ड्यूकचा उजवा हात होता त्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन, ज्याने पुढे लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस हा काचेचा महाल उभारला. चॅट्सवर्थच्या काचघरात त्याने वाढवलेल्या केळीला ड्यूकच्या घराण्याचं नाव मिळालं. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश गटातल्या. पॅक्स्टनची कबर इथल्याच चर्चच्या आवारात आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची बहीण कॅथलीन हिचीही. १९६३ च्या जूनमध्ये ते तिथे येऊन गेले.

नदीकाठाने परत

मोठा रस्ता जपून ओलांडा, गाड्या वेगात असतात. समोरची वाट वास्तुकार जेम्स पेनने बांधलेल्या तीन कमानींच्या पुलाकडे जाते. पूल ओलांडायचा नाही. अलीकडेच उजवीकडे वळून नदीच्या प्रवाहाबरोबर चाला. आठवडाभर पाऊस झाला असेल तर काठचं गवत पाण्याखाली जातं, तेव्हा वरच्या अंगाने जा. हरणांपासून निदान पन्नास मीटर लांब राहा. जूनमध्ये पाडसं गवतात निपचित पडून असतात, त्यांना टाकून दिलेली समजून हात लावू नका. आई जवळच असते. ऑक्टोबरात नर माजावर असतात, तेव्हा अंतर आणखी वाढवा.

शेवटी पेननेच आखलेल्या पिठाच्या गिरणीचे अवशेष लागतात. भिंतींवर चढू नका, दगड सुटे आहेत. तिथून वर चढून रस्ता ओलांडला की वाहनतळ.