बोटं दुखतात म्हणून गिटार सोडू नका, आधी तारांची उंची मोजा

गिटार आणून पंधरा दिवस झाले, डाव्या हाताच्या बोटांची टोकं लाल झाली, सी कॉर्डमधली (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर) एक तार अजून मुकीच, आणि ज्याला विचारावं तो सांगतो, "दुखणारच, सहन कर, सवय होईल." हे अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी कितीतरी गिटारी माळ्यावर गेल्या. बोटांच्या टोकांचं दुखणं तीन-चार आठवड्यांचं असतं. रोज पंधरा-वीस मिनिटं वाजवलं की घट्टे पडतात आणि विषय संपतो. पण अंगठ्याचं मूळ, मनगट किंवा कोपरापर्यंतचा हात दुखत असेल, तर ते सहन करायचं नसतं. तिथे थांबायचं आणि गिटार तपासायची. बहुतेक वेळा दोष तुमच्या बोटांत नसतो, तारा फ्रेटपासून, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, फार उंच असतात. या उंचीला अ‍ॅक्शन म्हणतात. नवशिक्याला सगळं सांगितलं जातं, नेमकं हेच कोणी सांगत नाही.

मोजणं सोपं आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी घ्या. गिटार नीट सुरात लावा, कारण सैल तारांवर माप चुकतं. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर जाड तारेखाली साधारण अडीच आणि सर्वांत बारीक तारेखाली दोन मिलिमीटर असावेत. स्वस्त गिटारवर हेच अंतर साडेतीन-चार असतं. त्यावर शिकणं म्हणजे नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायऱ्या पाठीवर सिलिंडर घेऊन चढणं.

उंची तीन ठिकाणांहून येते आणि तपासण्याचा क्रम चुकवायचा नाही. आधी नेकचा, म्हणजे गिटारच्या लांब दांडीचा बाक. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्याजवळ तार व फ्रेट यांमधली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास, ती हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) अ‍ॅलन कीने घड्याळाच्या दिशेने पाव वळसा फिरवायचा, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मोजायचं. पाव म्हणजे पावच. जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या. अतिशय स्वस्त गिटारींमध्ये हा रॉड कधीकधी नसतोच.

मग नट, म्हणजे डोक्याजवळची खाचांची पट्टी. सगळ्यांत जास्त नवशिक्यांना छळते ती हीच, कारण सुरुवातीचे सगळे कॉर्ड तिच्या अगदी जवळ असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा: तार जवळजवळ टेकलेली, कागदाएवढी फट, हे ठीक. त्याहून जास्त दिसलं तर खाचा उंच आहेत. याहून सोपी परीक्षा कॅपोची, म्हणजे एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याची. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून तेच सी, डी, ए मायनर धरा. एकदम सोपं वाटलं, तर तुमचा हात निर्दोष आहे आणि नट उंच आहे. नटच्या खाचा मात्र घरी कानसू नका. थोडी जास्त घासली गेली की मोकळी तार फ्रेटवर खडखडते आणि नट बदलावाच लागतो.

शेवटी सॅडल, म्हणजे ब्रिजमधली (गिटारच्या पोटावर तारा अडकवलेला लाकडी तुकडा) पांढरी पट्टी. हे काम घरी करता येतं. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते, दुप्पट. तारा पूर्ण सैल करा, सॅडल उपसा, खालच्या बाजूला पेन्सिलने रेघ मारा, आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर पॉलिश पेपर पसरून ती सरळ उभी धरून खालूनच घासा, वरची गोलाई तशीच ठेवून. तळ तिरका झाला तर आवाज दबतो. ब्रिजच्या वर सॅडल आधीच दोनेक मिलिमीटरच उरली असेल, किंवा ती चिकटवलेली असेल, तर हात लावू नका. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल तर ब्रिज उचलला जातोय. अशी गिटार विकत घेण्याआधीच परत ठेवावी.

एवढं लांबवायचं कारण असं की उंच तारांमुळे दुसरी खोड जडते आणि ती गिटार दुरुस्त झाल्यावरही जात नाही. उंच तार दाबायला जोर लागतो, मग हात सगळीकडेच जोर लावायला शिकतो. जास्त दाबलेली तार ताणली जाते, तिचा स्वर चढतो आणि कॉर्ड बेसूर वाजतो. मग आपण ट्यूनर काढतो, तर त्यावर मोकळ्या तारा अगदी बरोबर! चूक कानाची नाही, दाबाची आहे. उपाय: तारेवर बोट नुसतं टेकवा आणि छेडा, 'ठक्' असा मेलेला आवाज येईल. छेडत छेडत दाब हळूहळू वाढवा. ज्या क्षणी स्वर स्वच्छ वाजला, तेवढाच दाब पुरेसा. रोज दोन मिनिटं प्रत्येक बोटाने हे करा. बोट दोन फ्रेटच्या मधोमध नको, पुढच्या धातूच्या अगदी मागे हवं. तिथे निम्म्या जोरात काम होतं.

तारा झिरो-टेनच्या घ्या, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाडीची. दुकानात बहुधा बारा किंवा अकरा पुढे करतील, त्यांचा आवाज भरदार असतो हे खरं, पण पहिल्या सहा महिन्यांत भरदार आवाजापेक्षा शाबूत मनगट मोलाचं. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, त्या ताणाने ब्रिज उखडतो.

सूर लावायला मोबाइलचं अ‍ॅप ठीकच आहे, पण घरात पेटी असेल तर तिच्याकडून कान तयार करून घ्या. जाड तारेपासून खाली: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. पेटीबरोबर वाजवायचं असेल तर पेटीलाच जुळवा, कारण जुन्या पेट्या अ‍ॅपशी नेहमी जुळत नाहीत. खुंटी पिळताना स्वर नेहमी खालून वर आणायचा. स्वर पुढे गेला तर आधी उतरवून पुन्हा चढवा, नाहीतर तार थोड्याच वेळात उतरते. घरातलं कोणी काळी चारमध्ये गात असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जी स्केलचे कॉर्ड वाजवा. काळी एक असेल तर तिथेच कॅपो ठेवून सीचे.

कॉर्ड पाच पुरेत: ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी. बोटं उचलून पुन्हा ठेवण्यापेक्षा कुठलं बोट जागेवरच राहतं ते शोधा. ए मायनरवरून सीला जाताना फक्त तिसरं बोट हलतं. एका मिनिटात किती वेळा बदल स्वच्छ होतो ते मोजून वहीत लिहा. तीस झाले की गाणं घ्या. त्याआधी गाणं घेतलं तर प्रत्येक बदलाला ठेका तुटतो आणि तुटलेला ठेका हाताला पाठ होतो.

उजव्या हातासाठी केरवा डोक्यात ठेवा, आपल्या कानाला तो आधीपासून ओळखीचा आहे. आठ मात्रा, हात एक-आड-एक खाली आणि वर, कधीही न थांबता. १, ३, ४, ६, ७, ८ ला तारा वाजवा. २ आणि ५ ला हात नुसता हवेतून जाऊ द्या. सर्वांत उपयोगी स्ट्रमिंग एवढंच आहे. बाण काढलेले तक्ते पाठ करत बसू नका. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, एका ठोक्याला दोन मात्रा.

क्लासबद्दल स्पष्ट बोलतो. नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, नाशिकरोड, कुठेही जा, पण पहिल्या दिवशी शिक्षकांना तुमची गिटार पाच मिनिटं वाजवायला सांगा. ती हातात घेऊन त्यांनी अ‍ॅक्शनबद्दल काहीच म्हटलं नाही, तर दुसरा क्लास बघा. दहा जणांच्या बॅचमध्ये तुमचा अंगठा कुठे आहे हे कोणी बघत नाही. महिन्यातून दोनदाच, पण शिक्षकांसमोर एकट्याने बसून शिकलेलं बरं. प्रारंभिक, प्रवेशिकेची सवय असलेल्या घरांत 'मग परीक्षा कधी?' हा प्रश्न येतोच. पहिलं वर्षभर परीक्षा नको. तीन तुकडे घोटून पास होता येतं, पण चौथा तुकडा समोर आला की हात अडकतो. आणि 'तीस दिवसांत गिटार' सांगणाऱ्या व्हिडिओंनी तर नुकसानच केलंय: एकतिसाव्या दिवशी माणूस स्वतःला मंद समजायला लागतो. तुम्ही मंद नाही. सहा महिन्यांत दोन गाणी न थांबता वाजली तर प्रगती उत्तम आहे.

आपल्या हवेचंही बघावं लागतं. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, पुढची पाटी वर येते आणि तारा उंचावतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोचू लागतात. म्हणून ऑगस्टमध्ये आणि एप्रिलमध्ये पट्टीने पुन्हा मोजा. उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नका, ब्रिजचा गोंद सुटतो. आणि कडाक्याच्या थंडीत निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत पहाटे थेट वाजवायला बसू नका, आधी हात कोमट पाण्यात धरून नीट पुसा, पाच मिनिटं थांबा.

एफ कॉर्डची घाई नको, त्यात एकट्या तर्जनीने सहाही तारा दाबाव्या लागतात. तोवर एफ मेजर सेव्हन वापरा: सीवरून दुसरं आणि तिसरं बोट एकेक तार बारीक तारांकडे सरकतं, पहिलं जागेवरच राहतं, आणि वरच्या दोन जाड तारा वाजवायच्या नाहीत. खरा एफ सुरू कराल तेव्हा पाचव्या फ्रेटपासून करा. तर्जनी सपाट नको, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाळ कडेवर किंचित कलती ठेवा, कोपर अंगाजवळ घ्या. तिथे सहाही तारा बोलल्या की दर आठवड्याला एक फ्रेट खाली या. दुसऱ्यापर्यंत छान वाजून पहिल्यावरच सगळं मुकं झालं, तर स्वतःला दोष देऊ नका. कॅपोची ती परीक्षा पुन्हा करा, आणि गिटार नटसाठी कारागिराकडे न्या.