शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रिका निवडताना

शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रिका नव्याने जमवू लागलेला माणूस बहुधा गवयाचे नाव पाहून खरेदी करतो आणि वर्षभरात त्याच्या कपाटात एकाच आवाजातले यमन रागाचे चार संच येऊन पडतात. त्याऐवजी आधी एक राग धरावा आणि तो वेगवेगळ्या काळात कसा गायला गेला ते ऐकत जावे, म्हणजे जुने काय घ्यायचे आणि नवे काय, हे ठरवणे सोपे जाते.

उदाहरणार्थ, शुद्ध कल्याण घ्यावा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची ‘मंदर बाजो’ ही बंदिश, म्हणजे रागात बांधलेली रचना, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीवर आहे आणि तीच बंदिश पुढे पं. भीमसेन जोशी यांनी एलपीवर, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीवर, गायली आहे. पंडितजींचे गुरू सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचे शिष्य, त्यामुळे घराणे एकच. बदलला आहे तो हाताशी असलेला वेळ. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मिळत, तर एलपीच्या बाजूला वीस-बावीस मिनिटे मावतात. म्हणूनच खाँसाहेबांकडे रागाचा अर्क सापडतो आणि पंडितजींकडे विलंबितातली बढत, म्हणजे संथ लयीत रागाचा सावकाश विस्तार. दोन्ही लागोपाठ तीन-चार वेळा ऐकावीत, आणि जे पुन्हा लावावेसे वाटेल तेच विकत घ्यावे.

ऐकण्यासाठी आरंभी खर्च करण्याची गरज नसते. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो, त्यामुळे 1937 साली निवर्तलेल्या खाँसाहेबांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरचा तो हक्क केव्हाच संपला आहे. मात्र निवडक संग्रह म्हणून विकल्या जाणाऱ्या सीडी घेताना मागे छापलेली वेळ वाचावी. मूळ वीस मिनिटांचा ख्याल सात मिनिटांवर आलेला दिसला, तर तो मध्येच कापला आहे असे समजावे.

जुनी एलपी घेताना मात्र घाई करू नये. पुण्याच्या जुन्या बाजारात मी एकदा पाकिटावरचे नाव वाचून मारवा घेतला आणि घरी आल्यावर आतून भक्तिगीतांची तबकडी निघाली! तेव्हापासून मी तबकडी बाहेर काढून आधी लेबल वाचतो. मग ती उजेडात तिरकी धरून बोटाच्या टोकाने हलकेच चाचपावी. नखाला लागणारा खोल ओरखडा सुईलाही लागतो आणि दर फेरीला टक्क वाजतो, नुसते केसासारखे ओरखडे मात्र बहुधा ऐकू येत नाहीत. मधल्या भोकाभोवती लेबलावर रेघांचे जाळे दिसले, तर ती पुष्कळ वाजली आहे हे ओळखावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पाकिटाला बुरशी धरते. ती तबकडीवरून बहुतेक वेळा धुऊन निघते, पण वाकलेली तबकडी सहजासहजी सरळ होत नाही. एचएमव्ही कंपनीच्या एलपीवर ईएएलपी असे अक्षरगट असल्यास ती मोनो आणि ईएएसडी असल्यास स्टिरिओ असते. एकट्या कंठाच्या गायनासाठी मोनोला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

78 फेऱ्यांच्या तबकड्या घ्यायच्या असतील, तर त्यांची चर (सुई जिच्यातून फिरते ती खाच) रुंद असल्याने वेगळी, जाड सुई लागते, हे आधी लक्षात घ्यावे. एलपीच्या सुईवर त्या लावल्यास खरखर वाढते आणि सुईही खराब होते. त्या लाखेच्या असल्याने हातातून निसटल्या की संपल्या. टपालाने तर मी त्या कधीच मागवत नाही.

नव्या अल्बमांची निवड तुलनेने सोपी आहे, कारण ते आधी पूर्ण ऐकता येतात. स्टुडिओत घासूनपुसून काढलेल्या गायनापेक्षा मैफलीचे मुद्रण मी पसंत करतो, मग त्यात टाळ्या आणि खोकला आला तरी चालेल. पण ती मैफल कोणत्या साली, कोठे झाली आणि तबल्याला व पेटीला कोण होते, एवढे तरी ज्यावर छापलेले नाही, ते मी विकत घेत नाही.