उद्याच्या तासासाठी मोफत साहित्य: कुठे शोधायचं, वर्गात कसं न्यायचं

'शिक्षकांसाठी मोफत साहित्य' असं गूगलवर टाकलं की दुव्यांचा ढीग पडतो आणि अख्खा रविवार त्यातच जातो. म्हणून उलट्या बाजूने चला. आधी कागदावर लिहा: या आठवड्यातला कोणता मुद्दा खडू-फळ्यावर नीट पोचत नाही? एकच मुद्दा घ्या. समजा, नववीचा 'धाराविद्युत'. एकसर जोडणीतला एक बल्ब काढला की दुसरा का विझतो, हे आकृतीत दिसत नाही. आणि अख्ख्या वर्गाला पुरतील एवढे सेल-होल्डर प्रयोगशाळेत क्वचितच असतात.

पहिली पायरी: घरचं आधी बघा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपने स्कॅन करा. २०१७ साली सुरू झालेल्या या ॲपमध्ये महाराष्ट्र बोर्ड, माध्यम आणि इयत्ता एकदा निवडली की त्या धड्याचं साहित्य समोर येतं आणि डाउनलोडही होतं. सगळंच सारख्या दर्जाचं नाही, त्यामुळे व्हिडिओ आधी स्वतः पूर्ण बघा आणि कामाची दोन-तीन मिनिटं तेवढी वापरा. ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. नकाशा किंवा आकृती प्रोजेक्टरवर मोठी करून दाखवायला त्या सोयीच्या पडतात.

दुसरी पायरी: मुलांना करून बघता येईल असं काही शोधा. विज्ञानासाठी माझी पहिली पसंती 'फेट'ला (PhET), म्हणजे पडद्यावर करून बघायच्या मोफत प्रयोगांना (सिम्युलेशन). कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी सुरू केलेला हा प्रकल्प. त्यातल्या सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये बॅटरी, तारा, बल्ब ओढून जोडायचे. शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीतून ज्वाळा निघतात, आणि वर्ग जागा होतो! लगेच 'आता बघा' म्हणू नका. आधी अंदाज विचारा: एक बल्ब काढला तर दुसऱ्याचं काय होईल? हात वर करून मोजा, फळ्यावर आकडा लिहा, मग बल्ब काढा. तेच समांतर जोडणीत करा. भाषांतरांच्या यादीत मराठीही आहे. गणितात अशाच कामाला जिओजेब्रा: त्रिकोणाचा शिरोबिंदू कसाही ओढा, तिन्ही कोनांची बेरीज १८०च राहते.

पडदा नसेल तरी अडत नाही. विज्ञान-खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करण्याच्या कृती आणि मराठी पुस्तकंही आहेत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून चौकोन केला तर तो डगमगतो, त्रिकोण मात्र हलत नाही. ठाण्याच्या खाडीवरच्या रेल्वेपुलाकडे मुलं मग वेगळ्या नजरेने बघतात.

भूगोलासाठी दूर कशाला जायचं? गूगल अर्थ प्रो २०१५पासून मोफत आहे. संगणकावर ते उघडून आपल्या नवी मुंबईतल्या उलव्याला जा, घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करा आणि सरकपट्टी मागे न्या. विमानतळासाठी सपाट केलेली उलव्याची टेकडी जुन्या चित्रांत अजून जागेवर दिसते. मग ठाण्याची खाडी बघा. २०२२ साली रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झालेल्या फ्लेमिंगो अभयारण्याभोवती कांदळवन कुठे आहे आणि इमारती कुठवर आल्यात, हे ऐरोलीच्या मुलांना पुस्तकापेक्षा लवकर कळतं. दोन-तीन वर्षांची चित्रं सेव्ह करून ठेवा, वर्गात तेवढी पुरतात.

प्राथमिकच्या शिक्षकांनी प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' हे मोफत गोष्टींचं संकेतस्थळ उघडावं. मराठी निवडा, वाचनाची पातळी निवडा. एकच गोष्ट अनेक भाषांत असते. आपल्याकडच्या वर्गांत हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या घरांतली मुलं असतात, त्यांना आधी घरच्या भाषेत वाचू द्या आणि मग तीच गोष्ट मराठीत.

आठवी-नववीतलं एखादं मूल सगळं आधीच सोडवून बसत असेल, तर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावरच्या ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्याला द्या. केंद्र नवी मुंबईहून वाशीचा पूल ओलांडल्यावर मानखुर्दलाच आहे.

शेवटची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित: शाळेच्या नेटवर अवलंबून राहू नका. फेटचं सिम्युलेशन एका फाइलमध्ये उतरतं आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतं. घरी उतरवा, पेनड्राइव्हवर घ्या आणि मधल्या सुट्टीत वर्गातल्या संगणकावर एकदा उघडून बघा. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो का, तेही तेव्हाच तपासा.

चित्रं गूगलवरून सरसकट उचलू नका. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना दिलेला असतो, त्यानुसार श्रेय लिहा. कुठे खातं उघडावं लागलं तर ते तुमच्या नावाने उघडा, मुलांचे फोन नंबर, जन्मतारखा कुठेही भरू नका. फाइलला 'नववी-विज्ञान-धाराविद्युत' असं सरळ नाव द्या, म्हणजे पुढच्या वर्षी तो विषय दुसऱ्या बाईंकडे गेला तरी स्टाफरूमच्या संगणकावर त्यांना ती लगेच सापडेल.