हातात कार्ड, यादीत नाव नाही : मतदार नोंदणीतल्या या चुका टाळा

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. आमच्या जवळच्या शाळेत मावशी पाऊण तास रांगेत उभी होती. टेबलाशी पोचल्यावर तिने पर्समधून लॅमिनेट केलेलं मतदार कार्ड काढलं. समोरच्या बाईंनी पट्टी यादीवरून खाली सरकवत नेली, पान उलटलं, परत मागे आल्या. "या यादीत तुमचं नाव नाही." मावशी म्हणाली, "अहो, पण कार्ड आहे ना!" कार्ड होतं, पण साताऱ्याचं. मावशी पुण्याला येऊन सहा वर्षं झाली, नाव मात्र तिकडेच राहिलं.

कार्ड हा फक्त ओळखीचा पुरावा. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. उलट, नाव आहे पण कार्ड सापडत नाही, तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं. घरी आलेली मतदार चिठ्ठी एकटी चालत नाही. ती घेऊन आलेलं कुणीतरी दर वेळी घरी पळत परत जातं.

मावशीने मग हौसेने नमुना ६ भरायला घेतला. तो वेळीच थांबवला. नमुना ६ पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. पत्ता किंवा मतदारसंघ बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, या सगळ्याला २०२२ पासून एकच नमुना ८. पुन्हा ६ भरला की नाव दोन ठिकाणी लागण्याची शक्यता, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पत्त्याचा पुरावा आपल्याच नावाचा हवा असंही नाही; आईवडील किंवा नवऱ्याच्या नावाचं वीजबिल चालतं.

यादीत नाव शोधताना आडनावावर विसंबू नका. लग्नाआधीचं आडनाव, 'दीक्षित'चं 'दिक्षीत', असं काहीही छापलेलं असतं. कार्डावरचा क्रमांक टाकून शोधा, नाहीतर १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करा. सापडलं की भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा, केंद्रावर खोली शोधायचा त्रास वाचतो.

मुलं अठराची होईपर्यंत थांबू नका. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. अठरा पूर्ण झाली का हे ठरवायला पूर्वी फक्त १ जानेवारीची तारीख धरायचे. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही धरतात. आणि निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होऊ नका. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादी बंद. २०२४ ला ती २९ ऑक्टोबर होती, मतदानाच्या तीन आठवडे आधी. त्यातही आक्षेपांना सात दिवस ठेवावे लागतात, म्हणजे अर्ज त्याच्याही बराच आधी जायला हवा.

केंद्रावर जाऊन कळलं की तुमच्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलंय, तर भांडून बाहेर पडू नका. केंद्राध्यक्षांकडे 'प्रदत्त मत' मागा. ओळख पटली की छापील मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात जाते, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. पण निकालावरून कोर्टकचेरी झाली तर तेच पाकीट उघडलं जाऊ शकतं.

संध्याकाळी सहाच्या ठोक्याला रांगेत असाल तर रांगेतल्या क्रमांकाची चिठ्ठी मिळते, मत देऊनच निघा.