ज्वालामुखीची जात कशी ओळखावी?

जागृत, निद्रिस्त आणि मृत हे शब्द शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केले. पण त्यातून ज्वालामुखी झोपलाय की जागा आहे एवढंच कळतं, तो घडला कसा हे कळत नाही. ती घडण ओळखायची असेल तर पुढच्या क्रमाने जा. हाताशी फोटो असो, नकाशा असो किंवा समोर घाटातला कातळ, क्रम तोच.

पायरी १: रस किती दाट होता?

सगळी गोम इथे आहे. जमिनीखाली वितळलेला खडक म्हणजे शिलारस, तो बाहेर आला की लाव्हा. त्यात सिलिका (वाळूत असतो तो घटक) जितकी जास्त तितका तो घट्ट. बेसाल्टच्या, म्हणजे सह्याद्रीतल्या काळ्या कातळाच्या, लाव्ह्यात सिलिका साधारण ५० टक्के असते. तो ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो आणि धिरड्याच्या पिठासारखा लांबवर पसरतो. रायोलाइट या दुसऱ्या ज्वालामुखी खडकात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास असते. तो लाव्हा जागचा हलायला तयार नसतो.

आमटी उकळताना बुडबुडे मुकाट फुटतात. घट्ट पिठलं रटरटू लागलं की मात्र वाफ आत कोंडते आणि गोळा फटकन हातावर उडतो. ज्वालामुखीचा स्फोटही असाच, दाट रसात कोंडलेल्या वायूंमुळे होतो.

पायरी २: आता आकार बघा

उतार इतका मंद की डोंगर आहे हेच चटकन जाणवत नाही? मग तो ढाल ज्वालामुखी. पातळ लाव्ह्याचे थर लाखो वर्षं एकावर एक पसरून तो तयार होतो. हवाईचा मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे, पण दिसतो उपड्या ठेवलेल्या ढालीसारखा.

वर जाताना उतार उभा होत गेलेला, देखणा शंकू दिसला तर तो स्तरित ज्वालामुखी. त्यात राखेचा थर, लाव्ह्याचा थर, पुन्हा राख अशी रचना असते. जपानचा फुजी (३,७७६ मीटर) असा आहे. दिसायला सर्वांत सुंदर आणि सर्वांत घातकी जात हीच. फिलिपिन्सचा पिनातुबो १९९१ मध्ये फुटला, तोही याच जातीचा.

मुरमाच्या ढिगासारखी छोटी टेकडी आणि माथ्यावर खळगा, हा राखेचा शंकू. मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ रोजी मक्याच्या शेतात भेग पडली आणि फेसाळलेल्या लाव्ह्याचे तुकडे उडून भोवतीच पडू लागले. दुसऱ्या दिवशी तिथे टेकडी उभी होती. हाच पारिकुटिन. १९५२ मध्ये तो थांबला तेव्हा ४२४ मीटर उंच झाला होता.

डोंगराऐवजी प्रचंड खड्डा असेल तर तो कॅल्डेरा: खालची शिलारसाची कोठी रिकामी झाली आणि छप्पर खचलं. सुमात्रातलं तोबा सरोवर असंच बनलं. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्फोटाची राख भारतातही सापडते.

आणि डोंगरही नाही, खड्डाही नाही, नुसतं अफाट पठार? मग लाव्हा भेगांमधून आला. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकीची सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग आठ महिने वाहत होती. आपलं दख्खन याच जातीचं, पण कैक पटींनी मोठं.

पायरी ३: तो नेमका तिथेच का?

पृथ्वीचं कवच सरकत्या मोठ्या तुकड्यांचं, म्हणजे भूपट्टांचं, बनलेलं आहे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो तिथे सोबत पाणी खाली जातं. त्या पाण्यामुळे वरचा तप्त खडक कमी तापमानाला वितळतो. अशा जागी स्तरित ज्वालामुखी जास्त. अंदमानचं बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, असाच घडला. भूपट्ट फाकतात किंवा खालून उष्ण खडक वर येतो तिथे दाब कमी होऊन खडक वितळतो आणि रस बहुधा पातळ असतो. दख्खनचा लाव्हा ज्या तप्तस्थळामुळे (असा उष्ण खडक वर येण्याची जागा) आला, ते आज हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तिथला ज्वालामुखी अजून उसळतो.

पायरी ४: घाटात थांबा आणि कातळ वाचा

सह्याद्रीतला टोकदार सुळका दाखवून "हे ज्वालामुखीचं तोंड" असं कुणी सांगितलं तर मानू नका. ते सुळके झिजून उरलेले आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा ज्या भेगांतून आला, त्यांतल्या काही भेगांत गोठलेला रस धुळे-नंदुरबारकडे लांबलचक भिंतींसारखा उभा दिसतो. लोणारलाही फसू नका. ते विवर उल्कापाताचं आहे.

कोरड्या दिवसांत, सुट्या दरडीपासून लांब उभं राहून, रस्त्यासाठी कापलेली बाजू खालून वर बघा. आधी काळा, घट्ट कातळ. कडे याचेच बनतात. हा थर सावकाश थंड होताना आक्रसला तर खांबांसारखे उभे तुकडे पडतात, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे. त्याच्यावर भोकाभोकांचा, ठिसूळ भाग लागतो. वायू निघून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्या त्या, पुष्कळदा झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या. इथे एक लाव्हाप्रवाह संपला.

त्याच्या माथ्यावर कधी कधी विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात खडक कुजून किंवा राख साचून झालेली ती माती, पुढच्या लाव्ह्याखाली भाजून निघालेली. पट्ट्याच्या वर पुन्हा काळा कातळ सुरू होतो.