चर्चमधून वस्तीसाठी काम सुरू करायचंय? मग ब्लँकेटं जरा बाजूला ठेवा

आपल्या चर्चच्या बऱ्याच मंडळ्यांत (म्हणजे सभासदांच्या समूहांत) समाजसेवा म्हणजे डिसेंबरात ब्लँकेटवाटप, मागे बॅनर, पुढे फोटो, फोटो ग्रुपवर पडला की वर्षभराचं झालं. वाईट नाहीये ते, थंडी असतेच. पण फेब्रुवारीत त्याच वस्तीतल्या एखाद्या मावशींना विचारा, चर्चचं तुम्हाला काय काम पडतं, त्या म्हणतील काही नाही बाबा, गेट तर बंदच असतं.

तर पहिलं काम म्हणजे आपल्याकडे काय पडून आहे ते बघा. हॉल, खुर्च्या, पाणी, संडास, लाईट, हे सगळं सोमवार ते शनिवार रिकामं. आणि माणसं तर काय, नर्स आणि शिक्षक आपल्यात ढिगाने आहेत, ते काही उगाच नाही. नगरला (आता अहिल्यानगर) मिशनरी मिस सिंथिया फॅरार मुलींना शिकवत होत्या, सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. मिरजेला मिशनरी डॉ. वानलेसांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल काढलं. या मिशनच्या शाळा-दवाखान्यांत शिकून आपल्या आज्या-पणज्या नोकरीला लागल्या. आज त्यांच्याच नाती रिटायर होऊन घरी सिरियल बघतायत, त्यांना कुणी बोलावतच नाही हो. आधी त्यांना बोलवा.

मग वस्तीत जा, पण दहा जणांचा मोर्चा नको, दोघं दोघं जा, शक्यतो एक बाई एक पुरुष. कॅथलिक चर्चमधली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसला कॉलेजच्या पोरांनी सुरू केली, ते लोक अजूनही जोडीनेच घरोघरी जातात, आणि त्याला कारण आहे, एकटा माणूस घाबरवतो किंवा घाबरतो. हातात फॉर्म नको, मोबाईल खिशात, ओट्यावर बसायचं आणि ऐकायचं. पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) पहिल्या फेरीत नेऊ नका, त्यांच्यासमोर लोक फक्त चांगलंच बोलतात.

ऐकलंत की बहुतेक ठिकाणी एक गोष्ट निघणारच, कागद. विधवा बाई आहे, दिव्यांग मुलगा आहे, संजय गांधी निराधारचे पैसे मिळू शकतात पण अर्ज कुणी भरायचा. पासष्टच्या पुढचे असतील तर श्रावणबाळ योजनेची पेन्शन. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, नवऱ्याचा मृत्यू दाखला काढलेलाच नाही, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत दोन चकरा आणि प्रत्येक चकरेला एक रोज बुडाला. म्हणून रविवारी उपासनेनंतर हॉलच्या दारात एक टेबल टाका, त्याला मदत केंद्र बिंद्र नाव द्यायची गरज नाही. मंडळीतला एखादा रिटायर तलाठी किंवा तहसीलचा क्लार्क बसवा, त्याला कुठला कागद कुठे अडकतो ते पाठ असतं. सोबत मोबाईल चालवणारा एक पोरगा. मूळ कागद कधीच ठेवून घ्यायचे नाहीत, झेरॉक्स काढायची आणि मूळ कागद हातोहात परत. आधार बँक खात्याला लिंक आहे का ते आधीच बघा, नाहीतर अर्ज मंजूर होऊनही पैसे लटकतात. आणि अर्ज भरला म्हणजे काम संपलं नाही, नंतर दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, बऱ्याच म्हाताऱ्यांची पेन्शन तिथेच बंद पडते, त्यांची नावं वहीत लिहून ठेवा आणि वेळेवर आठवण करा.

दुसरं, अभ्यासिका. एका खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू, दहावीचं पोरगं कुठे अभ्यास करणार? हॉल संध्याकाळी सहा ते नऊ उघडा, बस्स, शिकवायला कुणी नसलं तरी चालेल, शांतता आणि लाईट पुरते. मात्र वीजबिल कुठल्या खात्यातून जाणार ते चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या मिटिंगमध्ये आधीच लिहून घ्या, भांडणं नेमकी त्यावरूनच होतात. मुलं आली की दोन मोठी माणसं हजर पाहिजेत, एकट्या माणसाच्या भरवशावर नाही, मग तो कितीही जुना सभासद असो.

दारू सोडायला एकमेकांना मदत करणाऱ्यांचा गट, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, त्यांना मिटिंगसाठी खोली हवी असते, ती द्या. ते आपला कार्यक्रम आपणच चालवतात, चर्चचा त्यात हात नसतो. आपण फक्त चावी द्यायची आणि कोण आलं ते बघायला खिडकीत उभं राहायचं नाही!

रक्तदान ठेवायचं तर नाताळात नको, एप्रिल-मेमध्ये ठेवा, कॉलेजं बंद असतात आणि तुटवडा तेव्हाच असतो. पुरुषांना दोन वेळांत ९० दिवसांचं अंतर लागतं, बायकांना १२०, तसा हिशोब करून तारीख धरा.

आता नाजूक विषय. टेबलावर पत्रकं ठेवू नका, अभ्यासिकेत प्रार्थना सक्तीची करू नका, कागद करून दिला म्हणून रविवारी या असं चुकूनही म्हणू नका. धर्मांतराच्या आरोपांची हवा कशी आहे ते सगळ्यांना माहितीये, पण मी हे भीतीपोटी सांगत नाहीये, अडलेल्या माणसाकडून असं काही घेणं मुळातच बरोबर नाही. कुणी स्वतःहून श्रद्धेबद्दल विचारलं तर मोकळेपणाने बोला, लपवायचं काय त्यात. नगर भागात फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचं एवढं काम उभं केलं, गावाचं श्रमदान मागितलं, धर्म नाही मागितला. आणि श्रमदानाचा तो भाग पण उचला, वस्तीतल्या लोकांना नुसतं घेणारं ठेवू नका, हॉल झाडायला, टेबल लावायला, नवीन आलेल्याला सांगायला तेच येऊ देत.

पैशाचं थोडक्यात. परदेशातल्या नातेवाइकाच्या ओळखीने तिथल्या चर्चने डॉलर देऊ केले आणि तुमच्या ट्रस्टकडे एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर सरळ नाही म्हणा, २०२० च्या बदलानंतर नोंदणी असली तरी असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. झेरॉक्स आणि वीजबिलाला डॉलर लागत पण नाहीत. हंगामाच्या सणाला (पिकाबद्दल आभार मानायच्या चर्चच्या सणाला) अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव होतोच ना, कोंबड्या, ज्वारी, तो एक भोपळा जो दरवर्षी हट्टाने चढत्या भावाने जातो, त्या रकमेतला ठरलेला हिस्सा या कामाला बाजूला काढा आणि हिशोब नोटीस बोर्डावर लावा, आतल्या नाही, गेटाजवळच्या.